दिवा गोव्यात, कळ दिल्लीत, तार रानातून

पावसाने जोर धरला की गोव्याच्या खेडोपाडी वीज जाते. माडाचे चुडत तारेवर पडते, कुठे खांब कलंडतो, आणि वाड्यावरचे लोक उपविभागीय कार्यालयाचा फोन फिरवू लागतात. लाईनमन भिजत येतो, त्याच्यावर राग निघतो. पुढे स्थानिक आमदाराकडे तक्रार जाते, ग्रामसभेत विषय निघतो, विधानसभेत प्रश्न विचारला जातो. तुटलेल्या तारेपुरते हे योग्यच आहे, कारण ती तार वीज खात्याची असते आणि खाते राज्य सरकारचे. परंतु विजेचे बिल का वाढले, दुसरी उच्चदाब वाहिनी वर्षानुवर्षे का रखडली, मोलेच्या रानातून मनोरे का जायचे होते, या प्रश्नांची उत्तरे उपविभागीय कार्यालयात मिळत नाहीत. त्यांतील काही दिल्लीत आहेत, काही गुरुग्राममध्ये आणि काही बंगळूरमध्येही.

वीज हा भारतीय संघराज्यातील सर्वांत गुंतागुंतीच्या वाटणीचा विषय आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात ही गुंतागुंत अधिक स्पष्ट दिसते. मोठ्या राज्यांकडे स्वतःची वीजकेंद्रे, खाणी किंवा धरणे असतात. गोव्याकडे यांपैकी विशेष काही नाही. त्यामुळे अधिकार कोणाचा, खर्च कोणाचा आणि झळ कोणाला, या तीन गोष्टी येथे एकमेकींपासून वेगळ्या होऊन उघड्या पडतात.

समवर्ती सूचीचा वारसा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'वीज' हा विषय समवर्ती सूचीत, ३८व्या क्रमांकाच्या नोंदीत आहे. म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. मात्र विजेला लागणाऱ्या गोष्टी एका सूचीत नाहीत. अणुऊर्जा आणि खनिज तेल संघसूचीत आहे. जमीन राज्यसूचीत आहे, पाणीही राज्यसूचीत आहे, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या हाती आहे. वने १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली. विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे. एक वीजवाहिनी उभारायची म्हटली तरी तिन्ही सूच्यांची दारे ठोठवावी लागतात.

ही व्यवस्था अपघाताने आलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे वीज आणि पाटबंधारे यांचेही काम होते. देशाच्या वीजविकासाचा एकत्रित विचार करणारे केंद्रीय तांत्रिक मंडळ त्यांच्याच काळात आकाराला आले. पुढे १९४८चा वीजपुरवठा कायदा झाला तेव्हा केंद्रात बांधकाम, खाणी आणि वीज या खात्यांचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते. त्या कायद्याने राज्य वीज मंडळे आणि केंद्रीय वीज प्राधिकरण या दोन्ही पातळ्यांची पायाभरणी केली: आराखडा देशाचा, अंमलबजावणी राज्याची. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. मुक्तीनंतर १९६३मध्ये येथे वीज खाते सुरू झाले आणि मंडळ किंवा महामंडळ न होता ते आजही सरकारी खातेच आहे.

२००३च्या वीज कायद्याने जुन्या व्यवस्थेची फेरमांडणी केली. वीजनिर्मितीला परवान्याची गरज उरली नाही. राष्ट्रीय वीज धोरण राज्यांशी सल्लामसलत करून केंद्राने ठरवायचे, आंतरराज्य वहन आणि केंद्रीय प्रकल्पांचे दर केंद्रीय आयोगाने ठरवायचे, तर ग्राहकाच्या मीटरवरचा दर राज्य आयोगाने ठरवायचा, अशी विभागणी झाली. कागदावर ती नीटनेटकी दिसते. व्यवहारात मात्र वरच्या पातळीवरचा प्रत्येक निर्णय खालच्या पातळीवर खर्च होऊन उतरतो.

वाट्यावर चालणारे राज्य

गोव्याची बहुतांश वीज बाहेरून येते. छत्तीसगडमधील कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातील विंध्याचल या केंद्रीय औष्णिक प्रकल्पांतला वाटा, दक्षिण विभागातील रामगुंडमची वीज, अणुवीज, आणि कमी पडल्यास बाजारातील खरेदी, अशी ही बेरीज आहे. केंद्रीय प्रकल्पांच्या वाटपाचे सूत्र अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाते. ढोबळमानाने, प्रकल्प ज्या राज्यात आहे त्याला १० टक्के, केंद्राच्या हाती राखीव १५ टक्के आणि उरलेली वीज त्या विभागातील राज्यांत वाटायची. राखीव वाट्यातून कोणाला किती द्यायचे हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालय ठरवते. तुटवड्याच्या उन्हाळ्यात हा १५ टक्क्यांचा हात फार मोठा वाटू लागतो.

स्वतःची वीज निर्माण करण्याचा प्रयोग गोव्याने करून पाहिला आहे. सांकवाळ येथे नाफ्थावर चालणारा ४८ मेगावॅटचा खासगी प्रकल्प १९९९पासून १५ वर्षे राज्याला वीज देत होता. इंधन महाग, त्यामुळे वीजही महाग. करार २०१४मध्ये संपला, पण थकबाकीचा वाद लवादात गेला. २०१८मध्ये सुमारे २७८ कोटी रुपयांचा निवाडा राज्याच्या विरोधात गेला आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कंपनीच्या बाजूने कायम केला. इंधनाचा दर ज्याच्या हाती नाही त्याने पंधरा वर्षांच्या करारावर सही करणे किती महागात पडते, याचा हा गोव्यापुरता पुरावा होय.

इंधनाचा प्रश्न केंद्रीय प्रकल्पांनाही चुकलेला नाही. २०२१च्या शरदात आणि २०२२च्या उन्हाळ्यात देशभर कोळशाची टंचाई झाली. केंद्राने औष्णिक केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले. बाजारात विजेचे दर इतके चढले की केंद्रीय आयोगाला कमाल मर्यादा आधी १२ आणि नंतर १० रुपये प्रति युनिट अशी घालावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राच्या नियमांनी इंधन आणि वीजखरेदीच्या वाढीव खर्चाची दरमहा वसुली करण्याची वाट मोकळी केली. ग्राहकाच्या बिलावर मूळ दरापलीकडे इंधन समायोजनाची जी ओळ दिसते, तिचा उगम येथे आहे. कोळसा कोणता जाळायचा हे केंद्राने सुचवले, पैसे राज्याने मोजले आणि टीका वीज खात्याने सोसली.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. मुरगाव बंदरातून जो कोळसा उतरतो तो गोव्याचे दिवे लावण्यासाठी नसतो. तो प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. बंदर केंद्राच्या अखत्यारीतले, रेल्वे केंद्राची, नफा उद्योगाचा आणि धूळ वास्कोवासीयांची, ही कहाणी वेगळी असली तरी तिच्यातील वाटणीची रीत ओळखीची आहे.

तमनारचा धडा

उत्तर गोव्यातील कोलवाळचे ४०० केव्ही उपकेंद्र हा गोव्याच्या वीजपुरवठ्याचा मुख्य दरवाजा आहे; कोल्हापूरकडून येणारी उच्चदाब वाहिनी तेथे पोहोचते. दक्षिणेकडून कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याला येणारी २२० केव्ही वाहिनी जुनी आहे. एका दरवाजावर विसंबणे धोक्याचे आहे आणि मागणी वाढतच आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. त्यातून गोवा-तमनार प्रकल्प पुढे आला: छत्तीसगडमधील तमनारपासूनच्या वहनव्यवस्थेचे बळकटीकरण, धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यापर्यंत नवी ४०० केव्ही वाहिनी आणि सांगोड येथे उपकेंद्र. आराखडा केंद्रीय पातळीवर झाला, निविदा स्पर्धात्मक पद्धतीने निघाली, काम खासगी कंपनीला मिळाले.

वाहिनीचा मार्ग भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जाणार होता. एप्रिल २०२०मध्ये, देश टाळेबंदीत असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत या परिसरातील प्रकल्पांना हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर जे घडले ते गोव्याने पाहिले आहे. विद्यार्थी, संशोधक, गावकरी, वकील आणि कलावंत 'मोले वाचवा' म्हणत एकत्र आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीपुढे गेले. तिने २०२१च्या अहवालात सुचवले की नवे रान तोडण्याऐवजी वाहिनी आंबेवाडी-फोंडा या जुन्या २२० केव्ही मार्गाचा आधार घेऊन न्यावी. २०२२मध्ये न्यायालयाने ही शिफारस स्वीकारली.

या निकालातला महत्त्वाचा मुद्दा झाडांच्या संख्येपुरता नाही. जुन्या मार्गाचा पर्याय जमिनीवर आधीपासून होता. तो आराखडा आखणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने पुढे आणला नाही, मंजुरी देणाऱ्या मंडळाने विचारला नाही आणि राज्य सरकारनेही आग्रहाने मांडला नाही. नागरिक न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेले तेव्हाच तो निर्णयाचा भाग झाला. अधिकार दोन सरकारांत वाटलेले असताना तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे त्या जागी राहणाऱ्यांचा, शब्द कोठे ऐकायचा याची सोयच व्यवस्थेत नव्हती. त्याची किंमत सर्वांनीच मोजली: रानाची हानी झाली, प्रकल्प रखडला, राज्याची गरज तशीच राहिली.

आणि वाहिनीचा कर्नाटकातील भाग वेगळ्याच गाठीत अडकला. तेथील वनजमिनीला मंजुरी मिळेना. कर्नाटकाच्या राजकारणात हा विषय म्हादईशी जोडला गेला: कळसा-भांडुराला केंद्राची परवानगी नाही, मग गोव्याच्या वाहिनीला आमचे रान का द्यावे? म्हादई जलविवाद लवादाने २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला दिलेल्या १३.४२ टीएमसी पाण्यापैकी ८.०२ टीएमसी जलविद्युत निर्मितीसाठी आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे पाणी आणि वीज हे दोन वेगळे वाद नाहीत. एकाच सह्याद्रीच्या दोन उतारांवरून चाललेला तो एकच व्यवहार आहे. अशा वेळी दोन राज्यांमधला मध्यस्थ म्हणून केंद्राची जी जबाबदारी आहे, ती आदेश काढण्यापेक्षा अवघड आहे आणि नेमकी तीच बाजू दुबळी ठरते.

एक जाळे, तीन बिले

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले आणि सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ बसली. पश्चिम विभागात असल्याने गोवा वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा देश एका वारंवारितेवर आला. आता एका राज्याने वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली तर त्याचा ताण सर्वांवर येतो. म्हणून जाळ्याचे नियंत्रण केंद्रीय पातळीवर असणे ही तांत्रिक गरज आहे. त्यावर राज्याभिमानाचा आक्षेप टिकत नाही.

परंतु जाळे एक असले तरी बिल एक नाही. चोर्ला घाटाच्या परिसरात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमा जवळ येतात. बेळगावकडील पात्र कुटुंबाला कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२३पासून दरमहा २०० युनिटपर्यंतची वीज मोफत मिळते. मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावर ठरते. घाटाच्या अलीकडच्या गोव्यातील घराला वेगळा दर, पलीकडच्या चंदगडच्या घराला महाराष्ट्राचा तिसराच दर. तारेतून येणारी वीज तीच. फरक पडतो तो राज्य किती अनुदान देऊ इच्छिते आणि देऊ शकते यामुळे.

येथे २००३च्या कायद्याचे ६५वे कलम महत्त्वाचे आहे. राज्याला सवलत द्यायची असेल तर त्याने अनुदानाची रक्कम वितरण संस्थेला आगाऊ द्यावी, असे ते सांगते. गोव्यात वितरक हेच सरकारी खाते असल्याने एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे जातात. त्यामुळे दर कमी राहतो, पण नेमकी तूट किती आणि ती कोण भरतो हे सामान्य ग्राहकाला सहज कळत नाही.

दमण गेले, गोवा राहिला

गोव्याचा वीजदर ठरवतो तो संयुक्त वीज नियामक आयोग. गोवा आणि दिल्ली, जम्मू-काश्मीर व लडाख वगळता इतर केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी तो आहे आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे. लहान राज्याला स्वतंत्र आयोग परवडत नाही, हा त्यामागचा हिशोब रास्त आहे. आयोग गोव्यात जनसुनावण्या घेतो. पण ग्राहकांची उपस्थिती तुरळक असते, दरवाढीचे अर्ज जाड आणि तांत्रिक असतात, आणि आयोगाचे आदेश वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

याच आयोगाच्या कक्षेत दमण आणि दीव येतात. १९८७पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाला आणि दमण-दीव केंद्राकडे राहिले. मे २०२०मध्ये केंद्राने केंद्रशासित प्रदेशांतील वीज वितरणाच्या खासगीकरणाची घोषणा केली. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वितरण एप्रिल २०२२पासून खासगी कंपनीच्या ५१ टक्के मालकीत गेले. तो निर्णय बरा की वाईट, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. मुद्दा असा की तो दमणच्या लोकांनी निवडलेल्या विधानसभेने घेतला नाही, कारण तशी विधानसभाच तेथे नाही. गोव्यात असा निर्णय घ्यायचा तर मंत्रिमंडळाला विधानसभेला आणि मतदाराला सामोरे जावे लागेल. घटक राज्याच्या दर्जाचा अर्थ शाळेच्या पुस्तकात जितका कळतो, त्याहून अधिक वीज खात्याच्या या तुलनेत कळतो.

अर्थात राज्याचा अधिकारही निर्भेळ नाही. २०२१मध्ये आलेल्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेचा आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचे अनुदान ९७,६३१ कोटी आहे. हे पैसे हवे असतील तर गळती कमी करा, स्मार्ट मीटर बसवा, हिशोब वेळेवर द्या, अशा अटी आहेत. अटींत गैर काही नाही, पण समवर्ती सूचीतील विषयावर कायद्याने न सांगता निधीच्या अटींनी सांगण्याची ही पद्धत आहे. हरित ऊर्जेच्या बाबतीत तर सक्तीही आहे: ऑक्टोबर २०२३च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वितरकाने घ्यायच्या विजेत अपारंपरिक विजेचा वाटा २०२४-२५मधील २९.९१ टक्क्यांवरून २०२९-३०पर्यंत ४३.३३ टक्के व्हायचा आहे. उद्दिष्ट दिल्लीचे, ते गाठण्यासाठी लागणारी जमीन, छपरे आणि करार गोव्याचे.

गावाचा वाटा कोणता?

या साऱ्यात पंचायत कोठे आहे? घटनेच्या ११व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांत विजेच्या वितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे दोन विषय आहेत. प्रत्यक्षात पंचायतीचा विजेशी संबंध रस्त्यावरच्या दिव्यांपुरता आणि ट्रान्स्फॉर्मरच्या जागेवरून होणाऱ्या वादापुरता राहतो. आंतरराज्य वाहिनी गावातून जायची असेल तर वीज कायद्याच्या १६४व्या कलमाखाली वाहिनी उभारणाऱ्याला १८८५च्या तार कायद्यातील अधिकार मिळू शकतात. मनोरा उभारायला जमीन संपादित करावी लागत नाही, अडथळा आला तर जिल्हाधिकारी मार्ग मोकळा करतो आणि मालकाला भरपाई मिळते. केंद्राच्या जून २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी मूल्याच्या २०० टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचवली आहे. ती लागू करणे राज्यांवर आहे. भरपाईचा आकडा वाढला हे चांगलेच, पण मार्ग कोणता असावा याची चर्चा ग्रामसभेत होण्याची तरतूद त्यात नाही.

सौरऊर्जा हे चित्र थोडे बदलू शकते. फेब्रुवारी २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट असून ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. छपरावर पडणारे ऊन वाटून घेण्यासाठी कोणत्याही सूत्राची गरज नाही. पण छपरावरची वीज तारेत घेण्याची जोडणी, मीटर आणि हिशोब वीज खात्याच्याच हाती आहे. कौलारू घरे, माडांची सावली आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता केवळ घरांच्या छपरांवर गोव्याची गरज भागणार नाही, हेही खरे. तरीही प्रत्येक छप्पर बाहेरून आणायच्या विजेतला, आणि म्हणून रानातून जाणाऱ्या तारेवरचा, थोडा भार कमी करते.

जबाबदारीचा हिशोब

केंद्राकडे सारे अधिकार द्या किंवा राज्याला मोकळे सोडा, अशी टोकाची उत्तरे येथे उपयोगाची नाहीत. देशाचे जाळे एकत्रच चालले पाहिजे आणि ग्राहकाला जाब देणारे सरकार जवळचेच हवे. दुरुस्ती हवी ती या दोहोंच्या सांध्यात. वाहिनीचा आराखडा केंद्रीय पातळीवर ठरण्याआधी राज्याने पर्यायी मार्ग लोकांपुढे ठेवावेत आणि त्यावरचे मत लेखी दिल्लीला कळवावे. वन्यजीव मंडळापुढे प्रस्ताव जाताना ते मत सोबत जावे. वीज खात्याची वार्षिक तूट, अनुदान आणि खरेदीचा दर मराठी व कोकणीत सोप्या तक्त्यांत प्रसिद्ध व्हावा. आयोगाची सुनावणी तालुक्यांच्या ठिकाणी व्हावी. आणि म्हादई व वीजवाहिनी यांसारखे गुंतलेले प्रश्न राज्यांनी एकमेकांची कोंडी करण्यासाठी वापरण्याआधी केंद्राने तिघांना एका टेबलावर बसवावे. आंतरराज्य परिषदेची तरतूद घटनेत त्यासाठीच आहे.

यांतील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. आराखडा लोकांपुढे ठेवणे आणि हिशोब उघडा करणे हे पणजीच्या हातात आजही आहे. आयोगाच्या पुढच्या सुनावणीला जाऊन बसणे तर कोणाच्याही परवानगीवर अवलंबून नाही. पावसात वीज गेल्यावर लाईनमनला लावलेला फोन दोन तासांत दिवा परत आणतो. मात्र पुढच्या वीस वर्षांची वीज कोठून, कोणत्या दराने आणि कोणाच्या रानातून येणार, हे जेथे ठरते तेथे गोव्याचा आवाज पोहोचवण्याचे काम लाईनमनचे नाही.